पुन्नीचं ‘घे’

ईशानी धोटेचे डोळे ज्या सकाळी देशभर गाजले, त्या सकाळी त्यांत चिपडं होती. खरंच! बास्केटबॉल लीगची माणसं सातला मैदानावर हजर होणार, असं प्रशिक्षक कुकडे सरांनी आदल्या दिवशी चारचारदा बजावलं होतं. तरी ही उठली पावणेसातला. तोंडावर पाणी मारलं न मारलंसं केलं आणि पुन्नीच्या गाडीवर मागे बसून, जांभया देत, क्रीडा मंडळाच्या मैदानावर पोचली.

“डोळे पूस बे,” पुन्नी म्हणाली. “आज डोळेच तर मोजून राह्यले ते.”

“तू पूस तुझे.”

“माह्ये कोण मोजणार आहे? मी पास देणारी. चल, उतर.”

मुलींच्या व्यावसायिक बास्केटबॉलला तोवर बरे दिवस आले होते. शहराशहराचे संघ, टीव्हीवर सामने, चौकाचौकात पोस्टरं. नागपूरच्या संघाचं नाव ‘वाघिणी’. वाघिणींकडे उंच मुली होत्या, दांडग्या होत्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या होत्या. नव्हती ती एक शूटर. लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, डोळे झाकून भरवसा ठेवावा अशी.

डोळे झाकून म्हटलं खरं, पण सगळा खेळ डोळ्यांचाच होता. पूर्वी शूटर निवडताना लोक उंची बघत, मनगट बघत, कोपर सरळ आहे की नाही ते बघत. मग शास्त्रज्ञांना कळलं की गंमत हातात नाहीच. चेंडू सुटण्याच्या जरासं आधी चांगल्या शूटरची नजर रिंगच्या कडेवर जाऊन बसते आणि तिथेच राहते. साध्या खेळाडूची नजर माशीसारखी: रिंग, फळी, समोरची पोरगी, पुन्हा रिंग. नजर एकदा ठरली की डोक्यातली बडबड थांबते, आणि कवटीच्या मागच्या बाजूला बसलेला लहान मेंदू, ज्याला अंतर, कोन, ताकद सगळं तोंडपाठ असतं, तो निवांत आपलं काम करून टाकतो. या ठरलेल्या नजरेला नाव पडलं ‘शांत नजर’. आता तर ती मोजणारी लेन्सही निघाली होती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. ती डोळ्यांत घालायची, शॉट मारायचे, आणि बाजूच्या पडद्यावर कळायचं की नजर किती वेळ टिकली.

लेन्स घेऊन आल्या होत्या लीगच्या संशोधक डॉ. सुनेत्रा भागडीकर. बारीक बांध्याच्या, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं घाईघाईचं. ईशानी रेषेवर उभी राहिली. पुन्नी नेहमीसारखी रिंगखाली.

“घे!” पुन्नी ओरडली. चेंडू आला, गेला, जाळीत पडला. “घेऽऽ!” पुन्हा जाळीत. “घे!” पुन्हा.

डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बघितलं. मग लेन्स बदलायला लावली. दुसऱ्या लेन्सनेही तेच सांगितलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “कुकडे सर, एवढी लांब शांत नजर आम्ही आजवर कुणाचीच मोजलेली नाही.”

“पोरगी आमची आळशी आहे तशी,” सर म्हणाले.

आता हे ‘घे’ काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मंडळाच्या मैदानावर दिव्याचे खांब चार, पण पेटायचा एकच, आणि त्याचा सगळा उजेड रिंगवर. संध्याकाळच्या सरावात रिंग लखलखीत दिसायची आणि चेंडू यायचा रिंगखालच्या अंधारातून. तोंडावर बसू नये म्हणून पास देणारीने हाळी द्यायची, अशी तिथली रीतच होती, मोठ्या मुलींपासून चालत आलेली. बाकीच्या आपल्या नुसत्या ओरडायच्या. पुन्नीने मात्र त्या हाळीची भाषा केली होती. वरच्या पट्टीत तुटक ‘घे’ म्हणजे चेंडू खांद्याशी. लांबवलेलं ‘घेऽऽ’ म्हणजे पोटाशी, सावकाश. दबकं ‘घे’ म्हणजे छातीशी, दणकून. ईशानीला चेंडूकडे बघावंच लागायचं नाही. हात आपोआप योग्य जागी जायचे आणि डोळे आधीपासूनच रिंगवर.

हे तिला माहीत होतं का? होतं. अंगाला माहीत असतं तसं माहीत होतं. पण त्या सकाळी कुणीतरी मोबाइल समोर धरून विचारलं, “ही नजर जन्मजात का?” आणि ईशानी हसली. नुसती हसली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच छापून आलं: नागपूरच्या मुलीची जन्मजात नजर.

परत जाताना गाडीवर पुन्नी म्हणाली, “इशू, वाघिणींना पास देणारी पण लागेलच ना? माह्यं नाव टाक ना त्या बाईच्या कानावर. मी सांगितलं तर बरं नाही दिसत.”

“आजच टाकते,” ईशानी म्हणाली. त्या क्षणी ती अगदी मनापासून म्हणाली होती.

वाघिणींचं शिबिर शहराबाहेरच्या नव्या क्रीडासंकुलात होतं. गुळगुळीत लाकडी मैदान, एसीचा अंगात शिरणारा गारठा, वेळेवर मिळणारी अंडी. आणि पास द्यायला माणूस नव्हतंच, यंत्र होतं. यंत्र मुकाट्याने चेंडू फेकायचं, दर वेळी अगदी मोजून मापून. त्या यंत्रापुढे ईशानीची जगप्रसिद्ध नजर पार भरकटली. चेंडू कुठून येतोय ते बघ, पकड, मग रिंग शोध. शॉट रिंगला लागून बाहेर. पुन्हा बाहेर. शिबिरातल्या केरळच्या मुली आपापसांत काहीतरी कुजबुजल्या आणि हसल्या. ईशानीला मल्याळम येत नव्हतं, पण हसणं कळायला भाषा लागते थोडीच.

डॉ. भागडीकरांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. परत पाठवणार आपल्याला. चौकातलं पोस्टर काढणार. आई शेजारच्या काकूंना काय सांगणार?

“त्या दिवशी आणि आज, फरक काय?” बाईंनी विचारलं. ओरडल्या नाहीत. उलट कोडं सापडल्यासारख्या उत्सुक होत्या.

ईशानीने चाचरत ‘घे’बद्दल सांगितलं. बाई ताडकन उठल्या.

“अगं, कान! कान डोळ्यापेक्षा वेगवान असतो. ऐकलेलं मेंदूला बघितलेल्याच्या आधी कळतं. चेंडू कधी आणि कुठे येणार हे तुझा कान सांगत होता, म्हणून डोळे मोकळे होते. ते रिंगवर जाऊन बसले!” त्या येरझाऱ्या घालायला लागल्या. “हे ‘घे’ कोण म्हणायचं?”

“आमच्या मैदानावर सगळेच म्हणतात, मॅडम.”

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून निघालं.

“रेकॉर्डिंग आहे?”

ईशानीच्या फोनमध्ये सरावाचे ढीगभर व्हिडिओ होते. सगळ्यांत ती स्वतः, कारण फोन तिच्यावरच रोखलेला असायचा. पुन्नी कुठेच दिसत नव्हती. नुसती ऐकू येत होती. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि पट्टीतला फरक त्यांच्या लगेच लक्षात आला.

“हा एकाच मुलीचा आवाज आहे. कोण ही? हिला बोलावून घेऊ या? संघात पास देणारीची एक जागा अजून भरायची आहे.”

दार उघडंच होतं. हो म्हणायचं, बस्स. पण ईशानीला दिसलं ते असं: पुन्नी इथे येणार, ओरडणार, आणि सगळ्यांना कळणार की जन्मजात वगैरे काही नव्हतं. त्या मल्याळी मुली पुन्हा हसणार.

“ती आता खेळत नाही,” ती म्हणाली.

आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून तिचे कान तापले. वाटलं, आता बाई आणखी विचारतील आणि आपण खरं सांगून टाकू. बाईंनी काही विचारलं नाही. “अरेरे,” एवढंच म्हणाल्या आणि व्हिडिओ उतरवून घेतले.

त्यातून ‘साद’ तयार झालं. साद म्हणजे कानात घालायचं शेंगदाण्याएवढं बोंडुक. चेंडूत एक चिप, मैदानाच्या छताला कॅमेरे. कुणीही, कुठूनही पास दिला की चेंडू नेमका कुठे येणार याचं गणित पापणी लवायच्या आत व्हायचं आणि बोंडुक कानात त्या पट्टीत म्हणायचं, “घे.” पुन्नीच्या आवाजात. लीगने सगळ्याच संघांना ते वापरायची परवानगी दिली. पण साद सगळ्यांत चांगलं चाललं ईशानीला. चालणारच! बाकीच्यांना ती भाषा शिकावी लागत होती, हिची तर ती घरची होती.

वाघिणी जिंकायला लागल्या. ईशानी हळूहळू ‘काहून’ सोडून ‘का’ म्हणायला शिकली. मुलाखतीत हात कुठे ठेवायचे तेही शिकली.

“सांगितलं का ग बाईला?” पुन्नीचा फोन यायचा.

“त्या फार गडबडीत असतात गं. योग्य वेळ बघून विचारते.”

“योग्य वेळ बघून! बापरे. पुण्याची झाली का तू?” पुन्नी खदाखदा हसायची. मग जरा थांबून म्हणायची, “नाही, घाई नाही. मी सराव सोडला नाही अजून. कुकडे सरांची बारकी पोरं घेते संध्याकाळी. तू विचारशील तेव्हा विचार.”

हळूहळू ईशानीने फोन उचलणं कमी केलं. स्क्रीनवर पुन्नीचं नाव उमटायचं, फोन थरथरत राहायचा, आणि ही तो उलटा ठेवून बुटांच्या नाड्या बांधत बसायची. मग मैदानात उतरायची, आणि कानात तोच आवाज म्हणायचा, घे. घेऽऽ. घे. तो न रागावता, न थकता म्हणत राहायचा. ती शॉट मारायची, लोक नाचायचे, आणि ही बाकावर येताच आधी ते बोंडुक कानातून काढून टाकायची. एकदा तिने बाईंना विचारलंही, आवाज बदलता येईल का? दुसऱ्या आवाजाने प्रयोग झाला. शॉट चुकायला लागले. तिने मुकाट्याने जुना आवाज परत मागून घेतला.

त्या हंगामानंतर साद बाजारात आलं, शाळेतल्या मुलांसाठी. ते बनवणाऱ्या कंपनीने ठरवलं की पहिलं वाटप ईशानीच्या मैदानावरच करायचं. मांडव पडला. बंद खांबांवर नवे दिवे आले, छताला लावायचे ते कॅमेरे इथे खांबांवर लागले. मुलींना नवे टी-शर्ट मिळाले. मंडळाचं मैदान ओळखू येईना, इतकं ते झगमगत होतं.

ईशानी गाडीतून उतरली आणि तिला काहीतरी खटकलं. मैदानावर मुली खेळत होत्या, चेंडू इकडून तिकडे जात होते, बुटांचे आवाज येत होते. पण कुणी ओरडत नव्हतं. एकही मुलगी दुसरीला हाक मारत नव्हती. सगळ्यांच्या कानात बोंडकं होती. हे मैदान, जिथे बाजूच्या सोसायटीतली माणसं गोंगाटाला कंटाळून खिडक्या लावून घ्यायची, ते शाळेच्या परीक्षेसारखं गप्प होतं.

मुलींच्या मध्ये पुन्नी उभी होती. गळ्यात शिट्टी, केस कापलेले. ईशानीला बघून तिने लांबूनच हात वर केला, जोरजोरात हलवला. म्हणजे तिला अजून माहीतच नव्हतं! तिच्याकडे साद कुठून असणार? ईशानीनेही हात हलवला आणि घाईघाईने स्टेजवर जाऊन बसली. तिच्या शेजारी डॉ. भागडीकर.

भाषणं सुरू झाली. आणि स्टेजवरून ईशानीला सगळं दिसत होतं. एक लहान मुलगी पुन्नीचा शर्ट ओढत होती. कानाकडे बोट दाखवत होती. तिच्या ओठांवरून कळत होतं ती काय म्हणतेय: ताई, याच्यात तुम्हीच बोलून राह्यल्या! पुन्नी हसली. वाकली. बोंडुक स्वतःच्या कानात घातलं. मुलींना खूण केली, त्यांनी एकमेकींकडे चेंडू फेकला.

पुन्नीचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं, कुणीतरी काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

“तर आता आपण ईशानीलाच विचारू या,” निवेदकाचा आवाज आला. “सांग बरं, उत्तम शूटर कशाने घडतो?”

माईक हातात होता. समोर पुन्नी होती. आणि ईशानीच्या तोंडातून पाठ केलेलं वाक्य बाहेर पडलं, “शांत नजरेने. ती थोडीशी जन्मजात असते, बाकी मेहनत.”

टाळ्या झाल्या. तिला वाटलं, आता या स्टेजला भोक पडावं आणि आपण त्यातून सरळ खाली जावं.

भाषणांनंतर सगळे पोहे खायला वळले. ईशानी मैदानावर गेली. मुलींना पोह्यांकडे पिटाळून पुन्नी एकटीच चेंडू गोळा करत होती.

“पुन्नी.”

“हा कधीचा आवाज घेतला बे तू?” पुन्नी वर न बघता म्हणाली. “मले सर्दी झाली होती ना, तेव्हाचा आहे. साऱ्या देशाले माही सर्दी ऐकवली.”

ईशानीला हसू आलं आणि त्याची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. “मी सांगणार होते तुला.”

“ते जाऊ दे. त्या बाईनं कधी विचारलं का माह्याबद्दल?”

एक खोटं अजून सहज बसलं असतं. जागा अगदी तयार होती.

“विचारलं. तुला संघात घेऊ म्हणाल्या.”

“मग?”

“मी म्हटलं, तू आता खेळत नाहीस.”

पुन्नीने काखेतला चेंडू दोन्ही हातांत घेतला, शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. “उभी राह्य,” ती म्हणाली.

“काय?”

“शॉट मार एक. राह्य ना उभी.”

ईशानी रेषेवर गेली. कानातलं बोंडुक काढून खिशात टाकलं. गुडघे वाकवले, हात पुढे केले, नजर रिंगच्या कडेवर नेऊन बसवली. सगळं सवयीने. आता पुन्नी म्हणेल आणि सगळं ठीक होईल, असं तिला खरोखर वाटलं.

पुन्नी काहीच म्हणाली नाही. चेंडू आला तो थेट नाकावर. ईशानी मटकन खाली बसली. ओठांवर गरम, खारट काहीतरी आलं.

“लागलं?” पुन्नीने विचारलं. “लागणारच. इतकी वर्षं घे म्हणून राह्यली मी, तुले माह्याकडे पाहायची गरजच नाही पडली. एकदा तरी पाह्यलं असतं ना, तर तो आवाज विकताना तुले माह्यं तोंड आठवलं असतं.”

तिने चेंडू परत उचलला. “पाह्य.”

ईशानी उठली. या वेळी तिने रिंग सोडून दिली आणि पुन्नीकडे बघितलं. चेंडू सुटायच्या आधी पुन्नी श्वास रोखायची, हे तिला माहीत नव्हतं. टाचा उचलायची, तेही माहीत नव्हतं. आणि तिचे डोळे! ते चेंडूवर नव्हते, रिंगवर नव्हते. ते ईशानीच्या हातांवर ठरलेले होते, हलत नव्हते, लवत नव्हते. कुठल्याही लेन्सने तिथे जाऊन मोजलंच नव्हतं. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत लेन्स घालावी, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

चेंडू हातात आला. ईशानीने शॉट मारलाच नाही. तो खाली ठेवला आणि स्टेजकडे चालू लागली.

निवेदक हातात पोह्यांची प्लेट घेऊन उभा होता. तिने त्याच्यासमोरून माईक उचलला. शर्टावर रक्ताचे थेंब पडले होते, एका बाईने “अगं बाई!” केलं.

“मघाशी मी खोटं बोलले,” ईशानी म्हणाली. माईक कर्कश वाजला. “जन्मजात काही नाही. सादमधला आवाज पौर्णिमा शेंडेचा, आमच्या पुन्नीचा आहे. वर-खाली पट्टीची ती भाषाही तिचीच. मी तिला न विचारता तो आवाज दिला. मॅडम, ती खेळत नाही असं मी तुम्हाला सांगितलं, तेही खोटं होतं. ती रोज इथे वाट बघत होती. तो आवाज काढून टाका. त्याच्याशिवाय मी साधी खेळाडू आहे, तुम्ही ते बघितलंय.”

डॉ. भागडीकरांचा चमचा हवेतच राहिला. त्या ईशानीकडे बघत नव्हत्या. त्या मैदानावर पुन्नीला शोधत होत्या.

मग कुठूनतरी एक टाळी वाजली. मग दुसरी. “वा!” कुणीतरी ओरडलं. “याला म्हणतात मनाचा मोठेपणा!” बघता बघता सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. लोक प्लेटा खाली ठेवून उभे राहिले. फोन वर झाले. निवेदकाने तिच्या हातातून माईक घेऊन गहिवरल्या आवाजात सांगितलं की खरा खेळाडू कसा असतो ते आज आपण पाहिलं.

“नाही, नाही, थांबा,” ईशानी म्हणत होती. “माझ्यासाठी नका...” पण माईक आता तिच्याकडे नव्हता. चोरी केली तेव्हा टाळ्या तिला मिळाल्या होत्या, आणि कबूल केली तरी त्या तिलाच. लाजेने तिचं सगळं अंग तापलं. रक्त, रुमाल, फोनचे कॅमेरे, सगळे तिच्याभोवती.

मैदानाच्या त्या टोकाला पुन्नीने इकडे पाठ केली होती. पोहे खाऊन परतलेल्या मुली तिच्यासमोर रांगेत उभ्या होत्या, आणि ती एकेकीपुढे तळहात धरत होती. मुली कानातली बोंडकं काढून त्यात टाकत होत्या. शेवटी तिने मूठ मिटली, एका मुलीला रिंगखाली पाठवलं, दुसरीला रेषेवर. रिंगखालच्या मुलीने चेंडू छातीशी धरला आणि तोंड मोठं उघडलं.

ती ओरडली, हे ईशानीला नुसतं दिसलं. बाकीच्याही ओरडायला लागल्या, तेही दिसलं. टाळ्या थांबायची वाट बघत ती स्टेजच्या कडेला उभी राहिली. टाळ्या थांबत नव्हत्या.